फटफटीची थरथर

घरांत फटफटी आली, कीं तिच्या थरथरीची तक्रारहि मागोमाग येते. दोन तास प्रवास करून आलेल्या चिरंजिवांच्या बोटांना मुंग्या येतात, आणि वडील मंडळी म्हणतात, "यंत्र म्हटलें कीं तें थरथरायचेंच!" हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. कोणती थरथर यंत्राच्या स्वभावांतली व कोणती दोषाची, हें ओळखतां आलें पाहिजे.

एका सिलिंडरच्या एंजिनांत मिनिटास ३००० फेरे होत असतां दट्ट्या सेकंदास ५० वेळां वर-खालीं धावतो, आणि प्रत्येक टोकाशीं उलटतांना हिसका देतो. क्रँकवर प्रतिभार ठेवून हा हिसका कमी करतात. पण प्रतिभार वर्तुळांत फिरत असल्यामुळें आडवा धक्का नव्यानें उत्पन्न होतो. तो मारण्यासाठीं उलट दिशेनें फिरणारा दुसरा दंड लागतो. रॉयल एन्फील्डच्या जुन्या 'बुलेट ३५०'मध्यें असा दंड नव्हता. २०२० सालच्या 'मीटिऑर ३५०'मध्यें तो आहे. नॉर्टन कंपनीनें १९६७ सालीं 'कमांडो' गाडींत एंजिन रबरी आधारांवर बसवून निराळी युक्ति योजिली.

आतां परीक्षा. गाडी उभी करून, गिअर न घालतां एंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. तीच थरथर जाणवली, तर मूळ एंजिनांत किंवा त्याच्या आधारांत आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून एंजिन मंदावल्यावरहि ती गाडीच्या वेगाबरोबर टिकून राहिली, तर चाक, टायर आणि साखळी तपासावी. एका ठराविक वेगालाच हँडल झणझणत असेल, तर झोपाळ्याचें उदाहरण आठवावें. त्याच्या लयीनें धक्के दिले, कीं तो उंच जातो. हँडलच्या टोकांस वजनें बसविलीं म्हणजे ही लय बदलते व झणझण पुष्कळदां ओसरते.

काल नसलेली थरथर आज सुरू झाली, तर मात्र ती दोषाचीच समजावी. एंजिन सांगाड्यास जोडणारे बोल्ट प्रथम पाहावेत. ढिला बोल्ट तसाच राहिला, तर पुढें सांगाड्यास तडा जाऊं शकतो. बोल्ट आवळतांनाहि गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें माप पाळावें. अंगांतील सर्व जोर लावूं नये.

जाड हातमोजे व मऊ मुठी यांनीं सुख वाटतें, पण दोष जात नाहीं. मूठ सैल धरावी आणि वाटेंत विसांवा घ्यावा. दीर्घकाळच्या थरथरीनें बोटांतील मज्जातंतूंस व सूक्ष्म रक्तवाहिन्यांस कायमची इजा होऊं शकते. गाडीवरून उतरल्यावरहि बधिरपणा राहत असेल, किंवा गारठ्यांत बोटें पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांस दाखवावें. मधुमेह्यांनीं तर मुळींच दिरंगाई करूं नये. गाडीचा बोल्ट नवा मिळतो. बोटांची गेलेली संवेदना बाजारांत मिळत नाहीं.