नुसता गॅस बदलून भागणार नाही



जुनी गाडी मोडीत न काढता तिचा एसी दुरुस्त करावा, हे नुकत्याच छापून आलेल्या एका पत्राच्या लेखकाचे म्हणणे मला मनापासून पटते. मात्र ‘जुना गॅस काढून नवा भरला की झाले’ हा त्यांचा सल्ला घातक आहे.

नव्वदच्या दशकापर्यंतच्या गाड्यांत आर-12 असे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या या गॅसवर 1987च्या माँट्रियल कराराने टाच आणली. त्याच्या जागी आर-134ए आला; पण जुने खनिज तेल त्यात नीट मिसळत नाही. त्यामुळे कॉम्प्रेसरला वंगण मिळत नाही आणि तो जाम होतो. म्हणून आधी जुने तेल काढून योग्य कृत्रिम तेल घालावे, ड्रायर आणि ओ-रिंगा बदलाव्यात. नवा गॅस जुन्या मापाच्या साधारण 80 ते 90 टक्केच भरावा.

मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या पात्या झिजतात, म्हणून नायट्रोजनच्या दाबाने गळती आधी तपासावी. इथल्या दमट हवेतले पाणी आत राहिले तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आम्ल तयार होते. व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवल्याशिवाय गॅस भरू देऊ नये.

स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस तर कधीच भरू नये. तो गाडीत गळला तर आग लागू शकते. आणि जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा, हा आग्रह प्रत्येक गाडीमालकाने गॅरेजवाल्याकडे धरलाच पाहिजे.

– एक वाचक, मालवण