दुधाला माप, मग रक्ताला का नाही?

गावच्या डेअरीवर रोज सकाळी काय चालतं ते आपण पाहतोच. किटली आली की दूध मापात जातं, फॅट किती लागली ते बघितलं जातं, मग चिठ्ठी मिळते. थोडा जरी फरक पडला तरी आपण हुज्जत घालतो. ‘अंदाजे पाच लिटर धरा’ असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ काय? मात्र त्याच घरची लेक किंवा सून बाळंत होते, तेव्हा तिच्या अंगावरून किती रक्त गेलं हे वर्षानुवर्षं नजरेच्या अंदाजानंच ठरत आलं आहे. वाचकहो, हा अंदाज किती महागात पडतो, हे आता संशोधनानं आकड्यांत दाखवून दिलं आहे.

बाळंतपणात थोडं रक्त जाणारच. पण ते ५०० मिलिलिटरच्या पुढं गेलं की धोक्याची घंटा समजायची. वार पडल्यावर गर्भाशय नीट आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाईसुद्धा एक-दोन तासांत दगावू शकते. आपल्याकडे तर मुळातच अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आढळल्या. ज्या विहिरीला आधीच पाणी कमी, तिचा उपसा कुठवर सोसणार?

या दुखण्यावरचं एक मोठं काम आपल्या शेजारीच झालं, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. हे काम शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर खेडोपाडी फिरणाऱ्या नर्सबाईंनी, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविकांनी केलं. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात होत होती. बाळ जन्मताच निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. बिनऔषधी गटात शंभरात १२ जणींना जादा रक्तस्राव झाला. औषधाच्या गटात तो ६.४ वर आला. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण हजारी १२ वरून हजारी २ वर उतरलं.

याच कामात रक्त मोजण्याचं एक साधं साधन वापरलं गेलं. बाळंतिणीच्या कंबरेखाली घालायची प्लास्टिकची चादर, तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. बेळगावातच नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर नजर मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी रक्त सांगत होती. म्हणजे धोका दारात आला तरी बघणाऱ्याला तो अजून लांबच वाटायचा.

पुढं हीच मापाची पिशवी आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतिणींवर. निष्कर्ष २०२३ साली आले. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू ठेवली. उरलेल्या निम्म्यांत मापाची पिशवी आणि त्याबरोबर एक ठरलेला क्रम दिला: पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आवळण्याचं इंजेक्शन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी. एक उपाय करून वाट बघत बसायचं नाही, सगळं लागोपाठ करायचं. नेहमीच्या पद्धतीत निम्म्याच जणींचा जादा रक्तस्राव ध्यानात येत होता. पिशवीनं शंभरात ९३ जणींचा आला. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही मापाची पिशवी वापरावी असं सांगितलं. नाडी-रक्तदाब बिघडला असेल तर ३०० मिलिलिटरलाच हालचाल करा, असंही बजावलं.

यात यंत्र नाही, ऑपरेशन नाही. प्रशिक्षित परिचारिका, तिच्या हातात माप, कपाटात औषध आणि ते द्यायची मुभा, एवढंच आहे. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ तिच्याच हातात असतो. म्हणून ‘आमच्या गावाला डॉक्टर द्या’ ही मागणी करताना परिचारिकेची शिदोरी रिकामी तर नाही ना, हे बघणंही तितकंच जरुरीचं आहे.

गर्भाशय आवळणारं ते इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. गोठ्यात काम करणाऱ्याला हे नाव नवं नाही; जनावराला पान्हा सुटावा म्हणून ते चोरून टोचणारे आपण ऐकून आहोत, आणि ते बेकायदा आहे. बाळंतिणीला मात्र तेच औषध जीवदान देतं, पण थंड जागी राहिलं तरच. फ्रीज बंद पडला की औषधाचा जोर उतरत जातो, आणि वरून कुपी पाहून ते कळत नाही. वीज गेल्यावर आपण मोटारीची काळजी करतो, तशी या फ्रीजची कोण करतं?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि रुग्ण कल्याण समितीच्या सभासदांनी येत्या बैठकीत पाच गोष्टी विचाराव्यात. बाळंतपणाच्या खोलीत रक्त मोजायची पिशवी आहे का? औषधांचा साठा पुरेसा आणि मुदतीतला आहे का? फ्रीजला इन्व्हर्टर आहे का? रात्रपाळीला नर्सबाई एकटीच असते की जोडीला कोणी असतं? अशा प्रसंगाचा सराव शेवटचा कधी झाला? उत्तर ‘नाही’ आलं तर ठराव लिहा, तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा आणि महिन्यानं पुन्हा विचारा.

हे नर्सबाईला जाब विचारण्यासाठी करायचं नाही. बऱ्याचदा तीच मागणी लिहून लिहून थकलेली असते. तिच्या कागदामागं गावाचं वजन पडलं तर तो कागद हलेल. आणि घरच्यांनी एक करावं: लोहाच्या गोळ्या सूनबाईच्या पोटात जातात की कोनाड्यात राहतात, एवढं आजच बघावं.