1930 सालचा पुरावा

स्वातंत्र्याच्या इतिहासाची एक सरकारी आवृत्ती दरवर्षी 15 ऑगस्टला आपल्यापुढे वाचली जाते. तिच्यात इंग्रज येतात, पुढारी जागे होतात, भाषणे होतात आणि अखेर दिल्लीत सत्तांतर होते. आर्णीच्या तहसील कचेरीपुढे झेंड्याला वंदन करणाऱ्या शेतकऱ्याला या इतिहासात आपले घर कोठे दिसावे? कापूस, गवत आणि सरपण यांचा तिच्यात उल्लेखच नसतो. आणि वऱ्हाडात राष्ट्राची जाणीव रुजली ती तर नेमकी याच गोष्टींवरून.

1853 साली निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. सावकार दावणीची म्हैस सोडून नेतो, तसाच हा व्यवहार. रयतेला कोणी विचारले नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा येथील काळ्या मातीची किंमत साहेबाला कळली. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. तिने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेला आणि बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा बुडवला. धंदा गेलेला हा समाज रानाच्या कडेला तांडे वसवून स्थिरावू लागला, तर ते रानच सरकारने राखीव करून टाकले. कालपर्यंत जे गवत गावाचे होते, त्याला आता परवाना. जनावर आत शिरले तर कोंडवाडा. आणि त्याखेरीज जंगल खात्याच्या शिपायाची मर्जी सांभाळायची, ती वेगळीच!

या तक्रारी दीर्घकाळ तक्रारीच राहिल्या. 1930 साली त्यांचे बंड झाले. मिठाचा सत्याग्रह वऱ्हाडाने करावा तरी कोठे? समुद्र शेकडो मैल दूर. अकोल्याकडे दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून झाले. परंतु यवतमाळच्या माणसाच्या पोटाला रोज चिमटा घेणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापले आणि अटक पत्करली.

अणे हे टिळकपंथी वकील. पुढे 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी बाहेर पडले आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. त्यांच्या त्यागाला उणे लेखण्याचे कारण नाही. पण क्रांतिकारक अशी काही त्यांची ख्याती नव्हती. अशा घटनाप्रिय गृहस्थाच्या हाती विळा दिला तो लोकांच्या गरजेने, हे त्यांच्या पुतळ्यांना हार घालणारे सोयीस्कर विसरतात.

काही विद्वान म्हणतात, हा चराईचा स्थानिक तंटा. राष्ट्राशी त्याचा काय संबंध? त्याच वर्षी 25 सप्टेंबरला कोकणात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पुसदचा गवत कापणारा आणि चिरनेरचा लाकूडतोड्या एकमेकांना ओळखत नव्हते. आपल्या दोघांच्या वाटेत एकच सरकार उभे आहे, हे मात्र दोघांनाही उमगले. राष्ट्र यावाचून आणखी कशाने बनते?

1947 नंतर झेंडा बदलला. 1927 चा वन कायदा अद्याप जागेवर आहे. ज्या पुसदमध्ये तो सत्याग्रह झाला, त्या भूमीने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. गवताचा प्रश्न मुंबईत पोचला नाही. 2006 साली वन हक्क कायदा आला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांसाठी त्यात अट घातली ती अशी: 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनात वास्तव्य हवे. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातीत नाही. त्याला ही अट लागू पडते. हिशेब करा. साल येते 1930! ज्या वर्षी याच जिल्ह्यातील माणसे रानातल्या गवतासाठी तुरुंगात गेली, त्या वर्षी तुम्ही या रानात होता काय, असे स्वतंत्र भारताचे सरकार तांड्याला विचारते. ज्या राजवटीने रयतेच्या हाती कागद राहू दिला नाही, तिच्याच कागदाचा हा आग्रह!

तो आग्रह कायद्यालाही धरून नाही. नियमांनुसार न्यायालयीन निकाल हा पुरावा आहे, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा आहे. विशिष्ट कागदच आणा, असे अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. आर्णी भागातील कार्यकर्त्यांनी 1930 च्या जंगल खटल्यांचे निकाल जिल्ह्याच्या अभिलेखागारात शोधावेत, त्यांच्या नकला मागाव्यात आणि ज्या गावांची नावे त्यांत सापडतील तेथील वन हक्क समितीपुढे त्या ठेवाव्यात. उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर कारण लेखी मागून 60 दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे दाद मागावी. मुदतीची तारीख तांड्यावर प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.