‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे काय? हुकूम नेमका कोणाला?

मे २०२५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांना ‘हेबियस कॉर्पस’चा अर्थ विचारला गेला. लोकांना देशाबाहेर काढण्याचा राष्ट्राध्यक्षांचा घटनात्मक अधिकार, असं उत्तर त्यांनी दिलं. सिनेटर मॅगी हसन यांनी त्यांना तिथेच अडवून हे चूक असल्याचं सांगितलं. चूक किती मोठी होती, हे या शब्दांच्या व्याकरणातूनच कळतं.

शब्दांचा अर्थ काय?

‘हेबियस’ हे लॅटिनमधल्या ‘जवळ असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं द्वितीयपुरुषी एकवचनी रूप आहे. मराठीतल्या विध्यर्थासारखं : ‘तू ठेवावास’. ‘कॉर्पस’ म्हणजे देह. हे नाम नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे संस्कृतातल्या ‘फलम्’प्रमाणे कर्ता असो वा कर्म, रूप तेच राहतं. इथे ते कर्म आहे. अनेकवचन ‘कॉर्पोरा’. एकूण अर्थ, ‘तू त्याचा देह हजर ठेवावास’. इथे देह म्हणजे मृतदेह नव्हे, जिताजागता माणूस.

यातला ‘तू’ कोण?

ज्याच्या ताब्यात तो माणूस आहे तो. म्हणजे तुरुंगाधिकारी, पोलीस, सरकार. माणसाला आमच्यापुढे आण आणि कोणत्या कायद्याने डांबलंस ते सांग, असा हा न्यायालयाचा हुकूम. कारण बेकायदा ठरलं तर सुटका. म्हणजे हा सरकारचा अधिकार नाही, सरकारला विचारलेला जाब आहे.

भारतात काय आहे?

आपल्या राज्यघटनेच्या मराठी आवृत्तीत यासाठी ‘देहोपस्थिती’ हा शब्द आहे. अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात, तर २२६ नुसार उच्च न्यायालयात दाद मागता येते. कोठडीतल्या माणसासाठी नातेवाईक किंवा मित्रही याचिका करू शकतात.

ही दाद बंद झाली तर?

आणीबाणीत तेच घडलं. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं, की स्थानबद्धांना अशी याचिका करता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना होते. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला, तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड त्यांचेच पुत्र. त्याआधी १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही, अशी तरतूद केली होती.

पुढच्या वेळी बातमीत ‘हेबियस कॉर्पस याचिका’ दिसली, की एवढंच लक्षात ठेवा : उत्तर द्यायचं असतं ते डांबणाऱ्याने.