स्ट्रायकरवर नाव कुणाचे?

पॉल मॅकबेथ या अमेरिकन खेळाडूने २०२१ साली डिस्क्राफ्ट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला. त्याचा खेळ डिस्क गोल्फ. प्लास्टिकची तबकडी झाडाझुडपांतून भिरकावत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पोहोचवायची. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. मग एवढा पैसा आला कुठून? मॅकबेथच्या नावाची डिस्क रविवारी हौसेने खेळणारा माणूस विकत घेतो आणि त्या विक्रीच्या बळावर कंपनी खेळाडूला पोसते.

हौशी मंडळींच्या संख्येवरच सारे ठरत असते, तर मुंबईच्या उपनगरांतला कॅरमपटू आज सुखात असता. घाटकोपरच्या चाळीत, मुलुंडच्या सोसायटीत, अंधेरी-बोरिवलीच्या मंडळांत टांगत्या दिव्याखाली बोर्ड मांडलेला असतोच. जागेची टंचाई असलेल्या शहराला साजेसा हा खेळ: ७४ सेंटिमीटरचा चौकोन, १९ सोंगट्या, जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा स्ट्रायकर आणि चिमूटभर बोरिक पावडर. याच भांडवलावर मुंबईने जगज्जेते घडवले. प्रशांत मोरे २०१६ साली बर्मिंगहॅमला जागतिक अजिंक्यपद जिंकला आणि २०१८ साली दक्षिण कोरियात विश्वचषक.

पण बातम्या नीट वाचा. तिथे तो ‘रिझर्व्ह बँकेचा प्रशांत मोरे’ असतो. मुंबई उपनगरचा जगज्जेता संदीप दिवे जैन इरिगेशनचा म्हणून ओळखला गेला. महिला कॅरमपटू काजल कुमारीच्या मागे इंडियन ऑइल आहे. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी नोकरी दिली, स्पर्धेसाठी रजा दिली, म्हणून खेळाडूंना तिशीनंतरही बोर्डासमोर बसता आले. ‘व्हाइट स्लॅम’ म्हणजे एकाच पाळीत सगळ्या पांढऱ्या सोंगट्या आणि राणी टिपणे; तो मारणारा हात घडायला रोजचे कित्येक तास लागतात आणि ते तास कुणीतरी विकत घेऊन द्यावे लागतात.

मात्र बँक, तेल कंपनी, ठिबक सिंचनाचा कारखाना यांचा कॅरमशी धंद्याचा काही संबंध नाही. कॅरम वाढला काय, आटला काय, त्यांच्या ताळेबंदात फरक पडत नाही. म्हणून खेळाडूंच्या भरतीला कात्री लागते, तेव्हा त्यांना थांबवणारे कुणी नसते. ज्यांचा संबंध आहे ते म्हणजे बोर्ड, सोंगट्या आणि स्ट्रायकर बनवणारे. खेळाडूच्या उपजीविकेत त्यांचा वाटा फार तोकडा आहे. सरकारी कौतुकही तसेच. कॅरममधला अर्जुन पुरस्कार १९९६ साली तामिळनाडूच्या मारिया इरुदयम यांना मिळाला, त्यानंतर कुणालाच नाही. सतरा-अठरा वर्षांच्या गुणी मुलीला आईवडील ‘आता पुरे, परीक्षा दे’ म्हणतात, त्यात त्यांची चूक मला दिसत नाही.

यावर एक उपाय आहे. राज्य स्पर्धेत कोणत्या कंपनीचा बोर्ड मांडायचा हे राज्य संघटना ठरवते. कंपनीला त्या मान्यतेचा मोठा फायदा होतो, कारण मंडळे आणि जिमखाने तोच बोर्ड विकत घेतात. मग महाराष्ट्र कॅरम असोसिएशनने मान्यतेसोबत एक अट घालावी: मानांकित खेळाडूंच्या नावाचे स्ट्रायकर बाजारात आणायचे आणि प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा खेळाडूच्या खात्यात जमा करायचा. मानांकन यादी तयारच असते. पहिल्या आठ पुरुष आणि आठ महिला खेळाडूंपासून सुरुवात करता येईल, आणि दोघांचा हिस्सा पहिल्या दिवसापासून सारखा ठेवावा.