वाण्याची वही आता कोणाकडे?

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीत घरातली साखर किती, चहा किती, याची नोंद असे. पण ती वही दुकानाबाहेर जात नसे. २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीच्या जुडीपासून औषधाच्या बाटलीपर्यंतचे पैसे फोनवरून जाऊ लागले. सोय झाली, यात वाद नाही. मात्र ही नवी वही बँकेकडे असते, तशी ॲप चालवणाऱ्या कंपनीकडेही असते. दरमहा कोणत्या औषध दुकानात, कोणत्या तपासणी केंद्रात पैसे गेले, एवढ्यावरून घरातल्या आजारपणाचा अंदाज बांधता येतो.

व्यवहारांची माहिती भारतातच साठवा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये दिला. त्याने वही कोणत्या कपाटात ठेवायची ते ठरले. ती कोणी, कशासाठी वाचायची, हा प्रश्न उरलाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तर २०२३ च्या कायद्याने संमतीला महत्त्व दिले. पण ती संमती आपण न वाचताच, एका बटणावर बोट ठेवून देऊन टाकतो!

वाण्याला ‘वही दाखवा’ म्हणायला आपण कचरत नव्हतो. तसे विचारण्याचा हक्क नव्या कायद्यातही लिहिला आहे. विचारण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.