रॅम घेतली ३२००ची, धावते २१३३वर!

छत्रपती संभाजीनगर : सुटे भाग निवडून कॉम्प्युटर जुळवून घेण्याकडे शहरातील अनेकांचा कल असतो. त्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारे डिझायनर असतात आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे तरुणही असतात. प्रोसेसर, बोर्ड, रॅम यांचा एकेक रुपया तोलून खरेदी होते. मात्र पैसे मोजून घेतलेला वेग मशीनमध्ये खरोखर सुरू आहे का, हे फार कमी जण पाहतात.

वेग कमी का दिसतो?

रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते. ही पट्टी किती वेगाने चालवायची, याची नोंद त्या चिपमध्ये असते. बोर्ड सुरू होताना आधी सर्वांत सुरक्षित नोंद वाचतो. डीडीआर४च्या अनेक पट्ट्यांमध्ये ती २१३३ किंवा २४००ची असते, तर डीडीआर५मध्ये बहुधा ४८००ची. खोक्यावर छापलेला ३२०० किंवा ६०००चा आकडा बऱ्याचदा दुसऱ्या नोंदीतला असतो आणि ती नोंद बायोसमध्ये जाऊन हाताने चालू करावी लागते. इंटेलने ही सोय २००७ मध्ये 'एक्सएमपी' नावाने आणली. एएमडीने डीडीआर५साठी २०२२ मध्ये 'एक्स्पो' आणली.

नुकसान किती, याचा हिशेब सोपा आहे. रॅमची एक वाहिनी एका वेळी ८ बाइट नेते. ३२००च्या वेगाने सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते. २१३३वर साधारण १७ जीबी. म्हणजे विकत घेतलेल्या क्षमतेचा एक तृतीयांश भाग पडून राहतो. दोन पट्ट्या चुकीच्या खाचांत बसवून एकच वाहिनी वापरात राहिली, तर उरलेलेही निम्मे होते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडलेले असताना हे परवडणारे नाही.

फरक कोणाला जाणवेल?

टॅली, वर्ड, ऑनलाइन अर्ज एवढेच काम असेल, तर फरक कळणारही नाही. पण ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांना तो स्पष्ट दिसतो. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स हीच रॅम वापरते. कमी बजेटमध्ये मशीन जुळवणारा विद्यार्थी नेमका याच गटातला असतो. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याचेच नुकसान जास्त, असा हा उलटा न्याय आहे.

मग प्रोसेसरही पळवावा का?

नाही. येथे मोह आवरलेला बरा. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर धावत असे. फुकटात दीडपट वेग मिळायचा. ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती त्या काळातली आहे. आता कंपन्या ती मोकळीक स्वतःच वापरून टाकतात. कोअर आय५ १२४०० घ्या. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, पण थंडावा आणि वीज मिळाली की तो आपणहून ४.४पर्यंत चढतो. त्याचा गुणक कुलूपबंद असतो. तो वाढवण्याची मुभा इंटेल 'के' अक्षराच्या महागड्या प्रोसेसरांना देते.

शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा आहेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पंखा कॅबिनेटमध्ये तीच गरम हवा ओढतो. व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर त्याच वेगाला उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे पौषात मिळवलेला वेग वैशाखात निघून जातो. जादा व्होल्टेजचा फटका काय असतो, हे २०२४ मध्ये जगाने पाहिले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे बिघडू लागले. कंपनीला दुरुस्तीचे अपडेट द्यावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

दुकानदारांचे म्हणणे आणि उत्तर

'बायोसला हात लावला आणि मशीन अडकले, तर गिऱ्हाईक आमच्याच दारात येते,' ही असेम्बल करणाऱ्यांची भीती खोटी नाही. वाढीव नोंदीत डीडीआर४चे व्होल्टेज १.२ वरून सहसा १.३५ होते, आणि कंपन्यांच्या अटींत हेही ओव्हरक्लॉकिंगच धरले जाते. मात्र त्यावर उपाय गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणे हा नाही. मशीन देतानाच नोंद चालू करावी, मेमटेस्टने रात्रभर तपासावी, चूक निघाली तर एक पायरी खाली यावे आणि प्रत्यक्ष चालू असलेला वेग बिलावर लिहून द्यावा. सोन्याच्या बिलावर कॅरेट लिहिलेले असते, तसाच रॅमचा वेग लिहायला काय हरकत आहे?

गिऱ्हाइकानेही खरेदीपूर्वी बोर्ड पाहावा. एच६१० बोर्डावर ३६००ची रॅम बसवली, तरी ती ३२००च्या पुढे जात नाही. अशा वेळी वरचे पैसे वायाच जातात.

घरी काय करावे?

- विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहावे. तेथील आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ताडावा.
- चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करावी.
- बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावे. बाकीचे आकडे बदलू नयेत.
- मशीन सुरूच झाले नाही, तर घाबरू नये. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सीमॉस रीसेट केले, की मूळ वेग परत येतो.
- बायोस अपडेट करताना यूपीएस हवाच. मध्येच वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो.
- सहजासहजी न दिसणाऱ्या मेमरीच्या चुका फाइली बिघडवतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रोजेक्टची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी.

घामाच्या पैशातून घेतलेला वेग पूर्ण वापरणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो मिळवायला पाच मिनिटे आणि एक रात्रीची तपासणी पुरते. त्यापलीकडचा वेग ओरबाडण्याच्या नादात मशीन पणाला लावणे मात्र शहाणपणाचे नाही.